फट भरायची, पण घासण्याचा विचार आधी

मॉडेल जोडणीच्या या मालिकेत आज फटी, पुट्टी आणि साफसफाईच्या हत्यारांबद्दल बोलू. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, "सर्वांत चांगली पुट्टी कोणती?" त्याचं माझं उत्तर ऐकून बरेच जण वैतागतात, कारण मी उलट विचारतो, "नंतर घासणार कशी?" पुट्टी कमी पडली तर आणखी लावता येते. घासून गेलेला प्लास्टिकवरचा बारकावा मात्र परत येत नाही. म्हणून भरण्याचं साहित्य निवडताना घासण्याचा विचार आधी करायचा. आजचा सगळा भाग या एका मुद्द्यावर आहे.

मी बंगळुरूत राहतो, त्यामुळे उदाहरणही इथलंच घेतो. इथल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये नॅट ही छोटी लढाऊ विमानं बनली आणि तिच्यातच सुधारणा करून 'अजीत' तयार झालं. स्पेशल हॉबी या चेक कंपनीने १:७२ मापात अजीतचा संच काढला. आता आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बनलेलं मिग-२१ घ्या. त्याचे संच अनेक कंपन्यांनी काढले आहेत, एक बिघडला तर दुसरा मिळतो. अजीतसारख्या विमानाचं तसं नाही. अशा विषयांवर बहुतेक वेळा छोट्या कंपन्या थोड्या संख्येने संच काढतात. त्यांचे साचे साधे असतात, कित्येकदा दोन भाग जुळवायला खुंट्याही नसतात. म्हणजे फटी जास्त आणि चूक करायला वाव कमी.

फट केवढी असते?

अजीतची लांबी साधारण नऊ मीटर. १:७२ मापात ते साडेबारा सेंटीमीटरचं होतं, तळहातावर मावेल एवढं. पंखाच्या मुळाशी ०.२ मिलिमीटरची फट राहिली तर डोळ्यांना ती नगण्य वाटते. तिला ७२ ने गुणा. खऱ्या विमानात ती १४ मिलिमीटर होईल, बोट आत जाईल इतकी. असं विमान कोणी उडवणार नाही. म्हणून रंग दिल्यावर ती फट डोळ्यांत खुपते.

पण विमानावरची प्रत्येक रेघ ही फट नसते. पत्रे जिथे जोडले जातात तिथे खऱ्या विमानातही रेषा असतात. जुन्या विमानतळ रस्त्यावर एचएएलचं संग्रहालय आहे, तिथे मरुत जवळून बघता येतं. १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं हे विमान जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली इथेच आखलं गेलं. त्याच्या अंगावरच्या जोडरेषा, झाकणं, पंखांचे हलते भाग नीट बघा. मॉडेल हातात घेताना हा फरक डोक्यात हवा. पंखाचा हलता भाग जिथे सुरू होतो ती फट ठेवायची. पोटाखालून जाणारी, फक्त साच्याच्या सोयीसाठी आलेली रेघ घालवायची. शंका आली तर खऱ्या विमानाचा फोटो बघा आणि मगच पुट्टी उघडा.

या खुणा येतात कुठून?

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचे सुटे भाग काढणारी वर्कशॉप आहेत. तिथे जे चालतं तेच मॉडेलच्या कारखान्यातही चालतं. दोन अर्धे साचे घट्ट मिटतात, वितळलेलं प्लास्टिक दाबाने आत जातं, थंड झालं की साचा उघडतो आणि पिना तो भाग बाहेर ढकलतात.

साचे जिथे मिटतात तिथे बारीक उंच रेघ येते. साचा झिजला किंवा नीट मिटला नाही तर तिथून पातळ पापुद्रा बाहेर येतो, त्याला फ्लॅश म्हणतात. पिनांचे गोल ठसे उमटतात. जाड जागी प्लास्टिक थंड होताना जास्त आकसतं, तिथे वर खळगा पडतो. ज्या वाटेने प्लास्टिक आत आलं तिथे फ्रेमला जोडणारा देठ राहतो. उंच खुणा कापून किंवा खरवडून काढायच्या, खोलगट खुणा भरायच्या.

हत्यारं

देठ एका झटक्यात भागालगत कापू नका. प्लास्टिक पांढरं पडतं, कधी टवका उडतो. आधी साइड कटरने थोडं लांबून कापा, मग उरलेला खुंट सुरीने पातळ पातळ काप घेत उतरवा.

सुरीसाठी सर्जिकल साहित्याच्या दुकानात ३ नंबरचं हँडल आणि ११ नंबरची पाती मागा. टोकदार, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी जोडी आहे. साच्याची रेघ काढताना कापायचं नाही. पातं जवळपास उभं धरून रेघेवरून हलकं ओढायचं, जसं आपण गाजर खरवडतो तसं. पातं बोथट झालं की लगेच बदला. बोथट पात्यावर जोर लावला की ते घसरतं आणि बोट कापतं.

सोनारांच्या बारीक कानशी गोल आणि त्रिकोणी कोपऱ्यांत उपयोगी पडतात. सपाटीसाठी वॉटर पेपर घ्या, गॅरेजवाले वापरतात तोच, पाणी लावून घासायचा. १:७२ च्या कामात मी ४०० नंबरपेक्षा खरखरीत कागद सहसा वापरत नाही. ४०० ने पातळी आणायची, ६०० ने ओरखडे काढायचे, ८०० ते १००० वर थांबायचं. सपाट जागी कागद आइस्क्रीमच्या काडीला चिकटवून वापरा. गोल भागावर कागदामागे खोडरबर धरा. ब्यूटी पार्लरच्या साहित्यात नखं घासायच्या पट्ट्या मिळतात, त्याही उत्तम.

आधी न भरता बघा

गोंद लावण्यापूर्वी भाग कोरडेच जुळवून बघा. कित्येक फटी आतून अडलेल्या खुंटीमुळे किंवा राहिलेल्या फ्लॅशमुळे पडतात. ते काढलं की फट जाते. पंख थोडे लोंबत असतील तर गोंद वाळेपर्यंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिकटपट्टीने ताणून ठेवा, मुळाची फट बंद होते.

धडाच्या दोन अर्ध्यांसाठी पातळ प्लास्टिक सिमेंट लावा आणि किंचित थांबून दोन्ही बाजूंनी दाबा. सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणी वर येईल. तो पुसू नका. एक-दोन दिवस वाळू द्या आणि मग घासा. फट त्याच प्लास्टिकने भरली, वेगळ्या पुट्टीची गरजच नाही.

तरीही फट उरली तर?

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते, ती म्हणजे कठीणपणा. भरलेलं साहित्य प्लास्टिकपेक्षा मऊ असेल तर घासताना ते आधी जातं आणि मध्ये घळ पडते. कठीण असेल तर आजूबाजूचं प्लास्टिक आधी झिजतं आणि मध्ये उंचवटा राहतो. दोन्ही दोष रंग दिल्यावर दिसतात. म्हणून प्रत्येक साहित्याचा स्वभाव ओळखून घ्या.

पहिली, ट्यूबमधली सॉल्व्हंटवाली पुट्टी, उदाहरणार्थ तामियाची. गाडीचे रंगारी वापरतात ती एनसी पुट्टी साधारण याच कुळातली. यातलं द्रावण उडून जातं आणि ती वाळते, म्हणजे जेवढं उडालं तेवढी आकसते. जाड थर दिला तर वर साय धरते आणि आत ओली राहते. आठवड्याने तिथे खड्डा दिसतो. पातळ थर द्या, वाळू द्या, पुन्हा द्या. एनसी पुट्टी आधी टाकाऊ फ्रेमवर लावून बघा, तिचं द्रावण पातळ प्लास्टिक मऊ करू शकतं.

दुसरी, पाण्यात विरघळणारी ॲक्रिलिक पुट्टी. पंखाच्या मुळासारख्या कोपऱ्यात ती भरायची आणि ओल्या कानकाडीने वरची पुसून टाकायची. घासावंच लागत नाही, म्हणून बारकावे असलेल्या जागी माझी पहिली पसंती हिला. पण तिची पकड कमी असते, त्यामुळे तिच्यावर रेषा कोरता येत नाही.

तिसरी, दोन भाग मळून करायची इपॉक्सी पुट्टी. मिलिपुट आपल्याकडे मागवावी लागते, एम-सील मात्र कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ही रासायनिक क्रियेने घट्ट होते, द्रावण उडत नाही, त्यामुळे आकसणं नगण्य. मोठ्या फटींना हीच योग्य. पण वाळल्यावर ती प्लास्टिकपेक्षा कठीण होते, म्हणून ओली असतानाच पाण्याच्या बोटाने आकार पूर्ण करून घ्या. एम-सील थोडं भरड असतं आणि त्याचा लवकर घट्ट होणारा प्रकार फार वेळ देत नाही.

चौथा, फेविक्विकच्या जातीचा झटपट गोंद. आकसत नाही आणि त्याच्यावर रेषा छान कोरता येतात. मात्र तासाभरात घासायला घ्या, दुसऱ्या दिवशी तो दगड होतो. टाल्कम पावडर मिसळली तर घासायला सोपा जातो. खाण्याचा सोडा टाकला तर क्षणात घट्ट होतो, पण फार कठीण.

पाचवं, घरचं साहित्य. त्याच संचाच्या फ्रेमचे तुकडे सिमेंटच्या बाटलीत विरघळवायचे. मधासारखं दाट झालं की वापरायचं. कठीणपणा प्लास्टिकइतकाच, त्यामुळे घासताना घळही नाही आणि उंचवटाही नाही. पूर्ण वाळायला मात्र काही दिवस द्यावे लागतात.

केसाएवढ्या फटींना मिस्टर सरफेसर ५०० हा दाट प्रायमर ब्रशने लावा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने वरचा पुसा. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनने पुसू नका, ते मॉडेलचं प्लास्टिक वितळवतं. आणि एक मिलिमीटरच्या वरच्या फटीत आधी प्लास्टिकच्या पट्टीची पाचर बसवा, पुट्टी फक्त तिच्या कडांना.

भिंतीची पुट्टी चालेल का, हाही नेहमीचा प्रश्न. नाही. रंगारी जिला लांबी म्हणतात ती भिंत पाणी शोषते म्हणून धरते. गुळगुळीत प्लास्टिकवर ती टिकत नाही.

घासताना

भरलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, म्हणजे कागद बाहेर गेला तरी शेजारच्या रेषा आणि रिव्हेट वाचतील. कठीण साहित्याला मागे काडी असलेला कागद वापरा. नुसत्या बोटाने घासलं तर बोट मऊ प्लास्टिकवर दबतं आणि खळगा करतं. पेन्सिलीने सांध्यावर आडव्या रेघा मारून घासा. जिथे शिसं उरलं तिथे अजून खोलगट आहे. शेवटी करड्या प्रायमरचा पातळ हात द्या, दिवा तिरका धरा आणि बघा. पुट्टीचा रंग आणि प्लास्टिकचा रंग वेगळा असल्यामुळे डोळा फसतो. एकरंगी झाल्यावर दोष कबूल होतात.

सांध्यावर आडव्या जाणाऱ्या जोडरेषा घासताना पुसल्या जातातच. जाड चिकटपट्टीची कड धरून सुईने हलक्या हाताने चार-पाच वेळा ओढा. एकदाच जोर लावलात तर सुई भरकटते.

हवा आणि आरोग्य

तुम्ही कुठे राहता याने फरक पडतो. झटपट गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून पावसाळ्यात रत्नागिरीत तो लवकर धरेल आणि उन्हाळ्यात नागपुरात थोडा वेळ घेईल. इपॉक्सीला ऊब लागते. बंगळुरूच्या डिसेंबरच्या रात्री ती संथ असते. दमट हवेत लॅकर प्रायमर मारला तर त्यावर पांढुरकी झाक येते, पावसाची सर थांबेपर्यंत धीर धरा.

झटपट गोंद सांडला तर कापसाने किंवा सुती कापडाने पुसू नका. कापसाशी त्याची क्रिया इतकी जोरात होते की चटका बसतो, धूरही निघतो. सॉल्व्हंटचं काम खिडकी उघडी ठेवून करा, लहान मुलांच्या खोलीत नको. घासणं शक्यतो पाण्यात करा, धूळ उडत नाही. रेझिनचे भाग असतील तर मास्क हवाच. वापरलेली पाती डब्यात साठवा, कचऱ्यात सुटी टाकू नका, कचरा उचलणाऱ्याचा हात त्यात जातो.

आता एक अभ्यास. टाकाऊ फ्रेमचे दोन सपाट तुकडे शेजारी चिकटवून मुद्दाम फट ठेवा आणि घरात जेवढी साहित्यं आहेत तेवढ्या अशा जोड्या करा. प्रत्येकीत एक साहित्य भरा, वाळवा, घासा, प्रायमर द्या. कुठे घळ पडली, कुठे उंचवटा राहिला हे तुमच्याच बोटांना कळेल, आणि मग अजीतचा डबा उघडायला हरकत नाही. पुढच्या भागात प्रायमरबद्दल बोलू.