मामाचा बोअर, टॉवर लाईन आणि गाउसचा नियम

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा बसमध्ये हेडफोन विसरला, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लिहून काढलेला भाग. बोलताना आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथं ते जरा सावकाश मांडलेत.

गोष्ट सुरू होते मामाच्या शेतात. हातकणंगले तालुक्यात, तळंदग्याच्या बाजूला. तिथं ४०० केव्हीचं मोठं उपकेंद्र आहे, त्यामुळे आजूबाजूच्या उसातून टॉवर लाईनी चारी दिशांना गेलेल्या दिसतात. मामाच्या रानावरूनही एक जाते. उन्हाळ्यात पाणी कमी पडायला लागलं म्हणून बोअर मारायचं ठरलं. पाणाड्या आला, तळहातावर नारळ ठेवून रानभर फिरला, आणि नारळ उभा राहिला तो बरोबर तारेखाली.

मी शनिवार-रविवार घरी आलो होतो. म्हटलं, "मामा, इथं नको. वर लाईन आहे."

मामा म्हणाले, "आरं, तार बघ की किती वर हाय. गाडीचा खांब कुठं लागतोय तिला?"

प्रश्न रास्त होता. लागत नाही, तर भीती कशाची? मी इंजिनिअर खरा, पण सॉफ्टवेअरवाला. उत्तर लगेच जमेना. बांधावर बसून मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर उघडला, आणि मग आठवलं: हे तर बारावीतलं पाच मार्कांचं डेरिव्हेशन! चार्ज असलेली लांबच लांब तार, तिच्याभोवतीचं विद्युत क्षेत्र, गाउसचा नियम. आपण सगळ्यांनी ते पाठ केलं, पेपरात उतरवलं आणि विसरून गेलो.

रेन पाईप आणि गाउस

गाउसचा नियम एका वाक्यात असा: कुठल्याही बंद पृष्ठभागातून एकूण किती फील्ड बाहेर पडतं, ते फक्त आत किती चार्ज आहे त्यावर ठरतं. पृष्ठभाग लहान घ्या, मोठा घ्या, एकूण बेरीज तीच.

रानातलं उदाहरण घेऊ. समजा तुमच्याकडे रेन पाईप आहे, आणि त्याला सगळ्या बाजूंनी सारखी भोकं आहेत. पाणी चहूकडे सारखं उडतंय. आता त्या पाईपभोवती कापडाची एक गोल नळी गुंडाळली अशी कल्पना करा. दर मीटरला जेवढं पाणी पाईपमधून निघतं, तेवढंच त्या कापडातून जाणार. नळी दुप्पट रुंद केली तरी एकूण पाणी तेवढंच. पण कापड दुप्पट झालं, म्हणून प्रत्येक वीतभर कापडाच्या वाट्याला पाणी निम्मं.

तारेचं तसंच आहे. पाण्याच्या जागी फील्ड ठेवा. तारेभोवती एक काल्पनिक सिलिंडर घ्यायचा. त्याच्या दोन्ही तोंडांतून काहीच बाहेर पडत नाही, कारण फील्ड तारेपासून सरळ बाहेर जातं, तारेच्या दिशेनं नाही. उरलं गोल अंग. त्याचं क्षेत्रफळ म्हणजे २ पाय गुणिले अंतर गुणिले लांबी. लांबी दोन्हीकडून कटते आणि हातात राहतं:

फील्ड = दर मीटरचा चार्ज ÷ (२ × पाय × एप्सिलॉन नॉट × तारेपासूनचं अंतर)

अंतर दुप्पट, फील्ड निम्मं. गोल गोळ्याभोवती ते चौपट कमी होतं, पण तार लांब असल्यामुळे तिचं फील्ड तितक्या लवकर हार मानत नाही.

कुणी म्हणेल, लाईनमध्ये तर एसी असतो, चार्ज सारखा बदलतो, मग स्थिर चार्जचा नियम कसा चालेल? चालतो. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी ६,००० किलोमीटर. त्या मानानं आपलं रान म्हणजे ठिपका. त्यामुळे प्रत्येक क्षणी रानातलं चित्र स्थिर चार्जसारखंच धरता येतं, फक्त ते सेकंदाला ५० वेळा पुढं-मागं होतं.

पन्हाळ्याचा चढ

आता दुसरी गोष्ट: पोटेन्शियल, म्हणजे विभव, म्हणजेच रोजच्या भाषेत व्होल्टेज. फील्ड आणि पोटेन्शियल यात पोरं कायम गोंधळतात. पन्हाळा आठवा. तुम्ही किती उंचीवर उभे आहात ते पोटेन्शियल. पायाखाली चढ किती खडा आहे ते फील्ड. वर सपाटीवर उभं राहिलात तर चढ काहीच नाही, पण उंची आहेच. फील्ड कमी म्हणजे व्होल्टेज कमी असं नसतं, आणि मामाच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं इथंच आहे.

फील्ड "एक भागिले अंतर" असेल, तर त्याची बेरीज करत गेल्यावर लॉगरिदम येतो. लॉग म्हटलं की लोक एपिसोड बंद करतात, म्हणून साध्या शब्दांत सांगतो: अंतर दर वेळी दुप्पट करा, प्रत्येक दुपटीला व्होल्टेज सारख्याच मापानं उतरतं.

आकडे घालून बघू. ४०० केव्हीच्या लाईनला आपल्याकडे मूस नावाची तार सर्रास असते. मध्ये स्टीलचे ७ पदर, त्यावर ॲल्युमिनियमचे ५४, एकूण व्यास ३१.७७ मिलिमीटर. म्हणजे त्रिज्या साधारण १.६ सेंटिमीटर. ४०० केव्ही हा दोन फेजमधला आकडा. एका तारेपासून जमिनीपर्यंत तो २३१ केव्ही, आणि एसीच्या शिखरावर ३२७ केव्ही.

तार १० मीटर उंच धरू. जमीन इथं आरशासारखी वागते, म्हणून हिशेबात जमिनीखाली १० मीटरवर उलट्या चार्जची एक काल्पनिक तार धरतात. दोन्हींतलं अंतर २० मीटर. आता १.६ सेंटिमीटरपासून दुप्पट-दुप्पट करत २० मीटरला पोचायला किती पायऱ्या? ३.२, ६.४, १२.८... साधारण दहा. म्हणजे व्होल्टेजचा जवळजवळ दहावा हिस्सा तारेला चिकटलेल्या पहिल्या दीड सेंटिमीटर हवेतच उतरतो. शेवटच्या पायऱ्या मात्र मीटरच्या मीटर लांब.

तारेपासून १ मीटरवर काय होतं बघा. फील्ड तारेच्या पृष्ठभागापेक्षा ६० पटींहून कमी झालेलं असतं. आणि पोटेन्शियल? अजून ४१ टक्के शिल्लक. २ मीटरवर ३१ टक्के, म्हणजे सुमारे ७० हजार व्होल्ट. मोकळ्या हवेत. जिथं डोळ्याला काहीच दिसत नाही तिथं.

हा हिशेब एका फेजच्या एकाच तारेचा आहे. प्रत्यक्षात तीन फेज असतात आणि ते एकमेकांचा परिणाम थोडा खोडतात, त्यामुळे आकडे हलतात. पण उताराचा आकार हाच राहतो.

मग खांब वर गेला की काय होतं?

बोअरच्या गाडीवर २० फुटी रॉड चढवायचे, म्हणजे तिचा खांब त्याहून उंच असणार. ८ मीटर धरा. गाडी जमिनीवर, खांब लोखंडी. म्हणजे खांबाचं टोकही जमिनीच्याच पोटेन्शियलला, शून्यावर.

ज्या ठिकाणी ७० हजार व्होल्ट होते, तिथं आपण शून्य नेऊन ठेवलं. १० मीटरमध्ये सावकाश उतरणारा घाट आता २ मीटरमध्ये उतरायला लागला. चढ खडा झाला, म्हणजे फील्ड वाढलं. आणि टोक जितकं अणकुचीदार, तितकं तिथं जास्त दाटलं.

हवा चांगली इन्सुलेटर आहे, पण तिलाही मर्यादा आहे. सपाट पृष्ठभागांमध्ये ती साधारण ३० केव्ही प्रति सेंटिमीटरपर्यंत टिकते. टोकदार वस्तूसमोर मात्र लांब अंतरात सरासरी ५ केव्ही प्रति सेंटिमीटरलाच ठिणगी पूर्ण पलीकडं जाऊ शकते. ३२७ भागिले ५, म्हणजे ६५ सेंटिमीटर. तारेला हात न लावता, दोन फुटांवरून. वीज कडाडली किंवा उपकेंद्रात स्विचिंग झालं की क्षणभर व्होल्टेज याहून चढतं, आणि मग हे अंतरही वाढतं.

वर आणखी एक गोष्ट. ४०० केव्ही लाईनची जमिनीपासून किमान उंची नियमानं ८.८४ मीटर. उन्हाळ्यात, दुपारी, भरपूर लोड असताना तार तापून लांबते आणि झोळ खाली येतो. सकाळी बघितलेली तार दुपारी तिथंच असेल असं नाही. आणि तिच्यावर रबराचं आवरण वगैरे काही नसतं. आवरण म्हणजे फक्त हवा. ती हवाच आपण खांब घालून कमी करत होतो.

मामांना मी लॉग सांगितला नाही. एवढंच म्हटलं, "मामा, तार खांबाला लागायची गरज नाही. खांब जवळ आला की तारच उडी मारते."

मामा जरा वेळ वर बघत राहिले.

पावसात तार कडकडते का?

टॉवर लाईनखालून पावसात गेलात तर चर्र-चर्र आवाज येतो. तोही हाच हिशेब. आपल्या उदाहरणात एकट्या तारेच्या पृष्ठभागावर फील्ड शिखराला सुमारे २९ केव्ही प्रति सेंटिमीटर निघतं. हवेची मर्यादा ३०. म्हणजे अगदी काठावर. वर पाण्याचा थेंब लटकला की तो टोकासारखा वागतो, तिथली हवा फुटते आणि कडकडते. याला कोरोना म्हणतात. आजारवाला नव्हे, त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. यात वीज फुकट वाया जाते.

उपाय काय? तार जाड करा. पण जाड तार जड आणि महाग. म्हणून इंजिनिअरांनी एक युक्ती केली, ती तुम्हाला रस्त्यावरूनही दिसते: ४०० केव्हीला प्रत्येक फेजच्या दोन तारा जोडीनं जातात, ४५ सेंटिमीटर अंतरावर, मध्ये मध्ये स्पेसर लावून. चार्ज दोघींत वाटला जातो. हिशेब केला तर प्रत्येकीच्या वाट्याला एकट्या तारेच्या ६५ टक्के चार्ज येतो, आणि पृष्ठभागावरचं फील्ड २९ वरून २० च्या आसपास उतरतं. दोन बारीक तारा मिळून एका जाडजूड तारेसारख्या वागतात. पुढच्या वेळी जोडतार दिसली की ओळखा, हे गाउसचंच काम.

आणि घरातली डिशची वायर? तीही सिलिंडरच, पण दोन: मध्ये तांब्याची तार, भोवती जाळी. तारेवर जेवढा चार्ज, तेवढाच उलटा जाळीवर. बाहेरून काल्पनिक सिलिंडर घेतला तर आतली बेरीज शून्य, म्हणून बाहेर फील्ड शून्य. जमिनीखालच्या मोठ्या केबललाही असंच धातूचं अर्थ केलेलं वेष्टन असतं. उघड्या तारेला ती सोय नाही. तिची "जाळी" म्हणजे आपली जमीन, आणि जमिनीवर उभं केलेलं सगळं काही. पाईप, शिडी, ट्रॉलीवर रचलेला ऊस, आणि आपण.

ब्रिस्टलजवळ २००४ मध्ये रिचर्ड बॉक्स या कलाकारानं टॉवर लाईनखालच्या शेतात १,३०१ ट्यूबलाईट उभ्या रोवल्या होत्या. एकीलाही वायर जोडली नव्हती. अंधार पडल्यावर त्या उजळल्या. तारेखालची हवा "रिकामी" नसते, हे डोळ्यांनी दाखवणारं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. तुम्ही मात्र करू नका.

लक्षात ठेवायचं ते

४०० केव्ही लाईनसाठी साधारण ४६ मीटर रुंदीचा पट्टा धरतात, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडं २३ मीटर. त्या पट्ट्यात बोअरची गाडी, क्रेन किंवा उभा पाईप नको. गावातल्या ११ केव्हीच्या तारा तर याहून खूप खाली असतात. तिथं मोटार काढताना उभा केलेला २० फुटी पाईप थेट लागतो. पायात चप्पल आहे म्हणून काही वाचत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारखं पाणी चढलं, तर पाणी हीच नवी जमीन. तार तिथंच, पण मधली हवा कमी झालेली. नावेत उभं राहून बांबू वर करायचा नाही. तार तुटलेली किंवा लोंबकळताना दिसली तर लांब राहा आणि १९१२ ला फोन करा.

मामांनी शेवटी बोअर ४० मीटर बाजूला मारला. पाणी लागलं दीड इंची. मामा अजून प्रत्येक वेळी ऐकवतात, "तारंखाली दोन इंची लागलं असतं बघ."

लागलंही असतं. मी वाद घालत नाही. दीड इंचीवर ऊस उभा आहे, आणि ऐकवायला मामा आहेत.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हा भाग अशा एकाला पाठवा, ज्याच्या रानावरून लाईन जाते.