बाई म्हणून नव्हे, पात्र म्हणून!

‘बाई आहे म्हणून घेतलं असेल!’ एखादीला मोठं पद मिळालं की हे वाक्य हमखास कानावर येतं. मग ती गावची सरपंच असो की सुप्रीम कोर्टाची न्यायाधीश. तिने आजवर काय केलंय, हे मात्र कुणी विचारत नाही. मैत्रिणींनो, आज आपणच विचारूया.

सर्वोच्च न्यायालयात बसायचं तर राज्यघटनेच्या अटी आहेत. उच्च न्यायालयात पाच वर्षे न्यायाधीश किंवा दहा वर्षे वकील असावं लागतं, नाहीतर नामवंत कायदेपंडित तरी. आता सुजाता मनोहर यांचा हिशेब मांडा. १९५८ पासून मुंबई उच्च न्यायालयात वीस वर्षे वकिली. १९७८ मध्ये तिथल्या पहिल्या महिला न्यायाधीश, १९९४ मध्ये पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पाचाच्या जागी सोळा वर्षे! यात मेहेरबानी कुठे आली?

उलट उशीरच झाला म्हणायचा. न्यायालय सुरू झालं १९५० मध्ये. तिथे पहिली महिला, फातिमा बीवी, पोचल्या १९८९ मध्ये. सुजाताताई दुसऱ्या. मुंबईच्याच रंजना देसाई २०११ मध्ये गेल्या, त्याही पंधरा वर्षे उच्च न्यायालयात काम करून.

‘दिल्लीत कोण बसतं, आपल्याला काय त्याचं?’ असं महाडकरणीने तरी म्हणू नये. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. पण ते पाणी सर्वांचं, यावर मुंबई उच्च न्यायालयाची मोहोर उमटली १९३७ मध्ये.

आणि १९९७ चा ‘विशाखा’ निकाल? राजस्थानात बालविवाह रोखणाऱ्या भंवरीदेवींवर अत्याचार झाला, त्यातून ही याचिका उभी राहिली. निकाल देणाऱ्या तिघांत सुजाताताई होत्या. त्यातूनच पुढे २०१३ चा कायदा आला. आज एमआयडीसीतल्या कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर तिथे तक्रार समिती हवीच, अध्यक्षही बाईच हवी. पोलादपूरच्या लहानशा दुकानातल्या मुलीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

तेव्हा बचत गटाच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी करा. कामाला जाणाऱ्या प्रत्येकीला विचारा, ‘तुमच्याकडे समिती आहे का गं?’ आणि कुणाची लेक वकील व्हायचं म्हणत असेल, तर ‘मुलीच्या जातीला कशाला कोर्टकचेरी?’ म्हणून तिला गप्प बसवू नका. वरच्या खुर्चीची वाट तिथूनच सुरू होते.