स्टिरिओचा एक स्पीकर गेला म्हणून अख्खा सेट भंगारात काढताय? थांबा जरा

लग्नसराई आली की आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, एक सीन बऱ्याच घरांत होतो. हळदीला डीजे परवडत नाही, मग घरचाच स्टिरिओ अंगणात लावायचं ठरतं. वडिलांनी हौसेनं घेतलेले दोन डबे बाहेर येतात, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरतं आणि तासाभरात डाव्या डब्यातून फर्रर्र सुरू होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात नेलं की उत्तर ठरलेलं, "पार्ट मिळत नाही, ब्लूटूथवाला नवीन घ्या."

आता हे अर्धं खरं आहे. कंपनीचा ओरिजिनल पार्ट बऱ्याचदा खरंच मिळत नाही. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरच्या व्हिडिओकॉनचंच बघा. एवढी मोठी कंपनी, पण २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण डब्यातला स्पीकर, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो कंपनीच्या नावावर नाही तर मापावर चालतो. अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोन इंजिनिअरांनी १९२५ मध्ये त्याची रचना मांडली, आणि लोहचुंबक, त्यात हलणारी तारेची कॉईल आणि कॉईलला चिकटवलेला कागदी कोन हा ढाचा आजही तोच आहे.

तर आधी नेमकं काय गेलंय ते शोधायचं.

स्टिरिओ बंद करा, जाळी काढा. मोठ्या स्पीकरच्या, म्हणजे वूफरच्या कडेला फोमची रिंग असेल तर तिला हलकं बोट लावा. भुगा पडला तर फोम कुजलाय. पंधरा-वीस वर्षांत हवेतला ओलावा आणि ऊन फोमची अशीच वाट लावतात, त्यात हळदीचा काही दोष नाही. कॉईल शाबूत असेल तर नुसती रिंग बदलून काम भागतं.

रिंग ठीक असेल तर दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सरळ आत दाबा. खरखर आली तर कॉईल जळून फुगली आहे किंवा सरकली आहे. मग स्पीकरची एक वायर सोडवून मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीन. काहीच दाखवलं नाही तर कॉईल तुटली. वायर सोडवायला विसरू नका, कारण ट्विटरच्या वाटेत कपॅसिटर असतो. डब्याच्या मागून मोजलं तर चांगला ट्विटरही मेलेला वाटेल.

आणि हो, बऱ्याचदा मरतो तो ट्विटरच. लोकांना वाटतं अँपची ताकद जास्त झाली म्हणून तो जळाला. कित्येकदा उलटं असतं. छोट्या अँपला त्याच्या कुवतीपलीकडे पळवलं की आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात, आणि त्या कापलेल्या लाटेतून बारीक आवाजाची जास्तीची ताकद थेट ट्विटरवर जाते. डब्यावर १०० वॅट लिहिलेलं असलं तरी एकटा ट्विटर त्यातले थोडेच वॅट सोसतो.

आता बदली स्पीकर. दुकानदार पहिला प्रश्न वॅटचा विचारेल, तुम्ही पहिला प्रश्न ओहमचा विचारा. सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. ८ ओहमच्या डब्यात स्वस्तात मिळाला म्हणून कारचा ४ ओहमचा स्पीकर ठोकून देतात. आवाज येतो, सगळे खूश. पण अँपमधून जवळपास दुप्पट करंट ओढला जातो, अँप तापतो आणि पुढच्या हळदीला तोच जातो. म्हणजे शेकड्यात सुटणारं काम हजारात गेलं.

ओहमनंतर माप. नुसतं 'सहा इंची' म्हणून चालत नाही. डब्याचं भोक, बाहेरची फ्रेम, स्क्रूंमधलं अंतर आणि मागची खोली हे सगळं मोजून घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे जुना स्पीकरच पिशवीत घालून न्या. शक्य असेल तर दोन्ही डब्यांत एकसारखी जोडी बसवा. नव्या-जुन्याच्या सेन्सिटिव्हिटीत ३ डेसिबलचा फरक असला तरी तेवढ्याच आवाजासाठी एकाला दुप्पट ताकद लागते, आणि गाणं एका बाजूला कललेलं ऐकू येतं.

नवीन घ्यायचा नसेल तर रिकोनिंग, म्हणजे चुंबक तोच ठेवून कोन आणि कॉईल नवी. डीजेवाल्यांमुळे हे काम करणारे कारागीर तालुक्याच्या गावातही सापडतात. फक्त त्यांना स्पष्ट सांगा की हा घरचा स्पीकर आहे. डीजेचा कोन जाड आणि कडा ताठ असते. तो छोट्या डब्यात बसवला तर आवाज मोठा येईल, पण बास गायब. गावात जमलं नाही तर पुण्याच्या बुधवार पेठेत पसोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानंच दुकानं आहेत.

बसवताना स्क्रूड्रायव्हर सांभाळा. चुंबक त्याला असा खेचतो की क्षणात नवा कोन फाटतो. फ्रेमखाली पातळ फोमपट्टी लावा, नाहीतर फटीतून हवा निसटते. स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळा.

शेवटी प्लस-मायनस. वूफरच्या वायर जोडण्याआधी त्याला दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावा. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो. दोन्ही वूफर सारखेच हलले पाहिजेत. सगळं जोडून झाल्यावर गायकाचा आवाज दोन डब्यांच्या बरोबर मधून येतोय का ते ऐका. तो पसरट वाटला आणि बासही गेला असेल तर नवा स्पीकर खराब नाही, त्याच्या दोन वायर उलट्या लागल्यात. स्टिरिओ बंद करा आणि बदलून टाका.