पन्नाशीतला प्रवास

“निघावयाचे खरे, पण मुलांची शिक्षणे आटोपल्यावर, तंबाखूला बरा भाव आल्यावर!” निपाणीकडच्या घरांतून हे शब्द आम्ही कितीदा तरी ऐकले आहेत. जुन्या गोव्याला जाण्याचा बेत अशा वेळी हटकून पुढे ढकलला जातो. तेथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे शवप्रदर्शन दहा वर्षांनी एकदा होते. मागचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ पर्यंत होते. तेव्हा पन्नाशीत असलेला गृहस्थ “पुढच्या खेपेस पाहू” म्हणाला असेल, तर तो साठी गाठूनच तेथे पोहोचणार. आणि गुडघे काही दिल्या शब्दाला जागत नाहीत.

खुद्द झेवियर लिस्बनहून निघाले ते ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी. गोव्यास पोहोचावयास त्यांना १३ महिने लागले! बेळगावहून चोर्ला घाटाने मोटारीचा प्रवास तीन-चार तासांचा. काही भाविक तर पायीच जातात.

पण घरच्या माउलीला कोठे जावेसे वाटते, हे कधी कोणी विचारले आहे काय? तिने ट्रंकेत जपलेले चार पैसे नेहमी दुसऱ्याच्याच अडचणीला खर्ची पडतात. संतांचा सण दर वर्षी ३ डिसेंबरला येतो. त्यासाठी २०३४ सालापर्यंत थांबावयास नको.