अस्वल, तिरकमठा आणि डोंगराचा उतार

आपल्या या मुंबई नगरीत अस्वल पाहावयाचे तर एके काळी कोठे जावे लागत नसे. अस्वलच आपल्या दारी येत असे. गिरगावच्या वाड्यांतून, लालबाग-परळच्या चाळींच्या चौकांतून दरवेशी डमरू वाजवीत येई, आणि त्याच्या हातातील दोरीच्या दुसऱ्या टोकाला नाकात वेसण घातलेले ते केसाळ जनावर मागच्या दोन पायांवर उभे राही. भित्र्या पोराला त्याच्या पाठीवर बसवावे, म्हणजे त्याची भीती जाते, अशी समजूत होती. अस्वलाच्या केसाचा ताईत तर किती गळ्यांत बांधला गेला असेल! आज साठी उलटलेल्यांपैकी अनेकांना हे दृश्य आठवत असेल. पुढे कायद्याचा बडगा आणि दरवेश्यांना दुसरा धंदा मिळवून देण्याची खटपट, या दोहोंमुळे हा खेळ २००९ च्या सुमारास जवळजवळ बंद झाला. आणि तो बंद झाला हे चांगलेच झाले.

परंतु त्यामुळे आपल्या मनात अस्वलाचे जे चित्र राहिले, ते वेसण घातलेल्या, दात काढलेल्या, भुकेल्या प्राण्याचे राहिले. दुसरे चित्र पुराणातले. स्यमंतक मण्यासाठी श्रीकृष्णाशी झुंजणारा जांबवान आपल्याला गणेश चतुर्थीच्या कथेमुळे ठाऊक असतो. या दोन्ही चित्रांच्या मध्ये कोठे तरी खरे अस्वल आहे. ते डोंगरात राहते, आणि त्याच्याशी माणसाचा सामना कधी हातात धनुष्य घेऊन झाला, तर कधी केवळ मोहाची टोपली घेऊन. त्या सामन्याचे शास्त्र काय आहे, ते आज थोडे समजून घेऊ.

महाराष्ट्रात आढळणारे अस्वल एकाच जातीचे. सातपुड्यात, मेळघाटात, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत आणि सह्याद्रीत कोयना-चांदोलीच्या बाजूला ते आढळते. हिमालयातील काळे अस्वल निराळे. दोघांच्याही छातीवर फिकट चंद्रकोरीसारखी खूण असते, पण आपल्याकडील अस्वलाचे केस लांब आणि विसकटलेले, मुस्कट पांढुरके आणि नखे तीन-चार इंच लांब असतात. या नखांनी शास्त्रज्ञांनाही एकदा फसविले. जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १७९१ साली लांब नखे आणि वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसणे एवढ्यावरून हा प्राणी दक्षिण अमेरिकेतील झाडाला लटकून राहणाऱ्या ‘स्लॉथ’चा भाईबंद ठरविला. पुढे चूक उमगली, पण नाव चिकटले ते चिकटलेच. आजही इंग्रजीत आपल्या अस्वलाला ‘स्लॉथ बेअर’ म्हणतात.

वास्तविक ते दोन दात नसणे हेच या प्राण्याच्या जगण्याचे मर्म आहे. नखांनी वारूळ फोडावयाचे, फुंकर मारून माती उडवावयाची, आणि ओठांची नळी करून दातांच्या त्या फटीतून वाळवी ओढून घ्यावयाची. त्याचा हा सूं-सूं आवाज शांत रानात दूरवर ऐकू येतो. वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे, उंबरे आणि चैत्र-वैशाखात मोहाची फुले हे त्याचे अन्न. मांसासाठी शिकार करणे हा त्याचा धर्म नव्हे. मग असा हा मुंग्या खाणारा प्राणी रानातील माणसांना वाघापेक्षाही भयंकर का वाटतो? त्याचे उत्तर त्याच्या इंद्रियांत आहे. नाक अत्यंत तीक्ष्ण, पण नजर बेताची. आणि वारुळात तोंड खुपसून बसले म्हणजे कानांकडेही लक्ष नसते. त्यामुळे माणूस अगदी पाच-दहा पावलांवर येईपर्यंत त्याला कळत नाही. कळते तेव्हा पळावयास अवधी नसतो. वाघाच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या या प्राण्याला अशा वेळी एकच उपाय ठाऊक आहे, तो म्हणजे अंगावर धावून जाणे. आईच्या पाठीवर पिले असली तर विचारावयासच नको.

आता धनुष्याकडे वळू. सातपुड्यातील भिल्लांचा तिरकमठा म्हणजे साधेपणाचा उत्तम नमुना होय. कमान बांबूची, आणि विशेष म्हणजे तिची दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची. बाणाला मागे पिसे, पुढे लोखंडी पाते. भिल्ल तिरंदाज अंगठा न लावता बोटांनीच दोरी ओढतो, आणि ही एकलव्याची आठवण म्हणून सांगतात. गोष्ट हृदयाला भिडणारी आहे. मात्र अंगठ्याशिवाय दोरी ओढण्याची रीत जगात इतरत्रही आहे. युरोपातील धनुर्धर तीन बोटांनीच दोरी ओढीत. मंगोल आणि तुर्क अंगठ्याने ओढीत आणि त्यासाठी अंगठ्यात कडे घालीत. याच तिरकमठ्याने १८५७-५८ मध्ये खाज्या नाईकाच्या भिल्लांनी सातपुड्यात इंग्रजी बंदुकांना तोंड दिले. तेव्हा या हत्याराला खेळणे समजण्याचे कारण नाही.

तरीही बंदूक आणि बाण यांचे काम मुळातच वेगळे आहे. बंदुकीची गोळी आघाताने जनावर पाडते. बाणात तो आघात नसतो. तो रक्तवाहिन्या कापतो, आणि जनावर रक्त जाऊन मरते. म्हणजे बाण फुप्फुसांत किंवा हृदयात गेला तरच मरण लवकर येते. अन्यथा जनावर जखम घेऊन निघून जाते. अस्वलाच्या बाबतीत अडचण आणखी मोठी. त्याचे दाट केस रक्त शोषून घेतात, आणि जमिनीवर माग पडत नाही. जखमी अस्वल झुडपात दबा धरून बसले, तर शोधणाऱ्याची शिकार व्हावयाची. म्हणूनच रानात वाढलेला शहाणा माणूस हातात तिरकमठा असूनही अस्वलाच्या वाटेस सहसा जात नसे.

डोंगराचा उतार या साऱ्यात निराळाच घोटाळा करतो. समजा, बाण सेकंदाला ५० मीटर वेगाने सुटला आणि अस्वल ३० मीटरांवर आहे. बाणाला तेथे पोहोचावयास ०.६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने तो सुमारे पावणेदोन मीटर खाली येतो. तिरंदाजाचा हात सपाटीवर सरावलेला असतो, म्हणून नेम धरताना तो तेवढा वर धरतो. आता हेच अंतर ४५ अंशांच्या कड्यावरून खाली पाहताना घ्या. अंतर दोरीने मोजले तर ३० मीटरच भरेल. पण आडवे अंतर फक्त २१ मीटर आहे, आणि बाणाच्या पडण्याचा हिशेब या आडव्या अंतराने करावयाचा असतो. नेमाच्या रेषेपासून बाण पावणेदोन नव्हे, सव्वा मीटरच ढळतो. फरक अर्धा मीटर! सवयीने नेम धरला, तर बाण अस्वलाच्या पाठीवरून निघून जाईल. गंमत अशी की, वरून खाली मारा किंवा खालून वर मारा, चूक एकाच दिशेची होते. बाण वरच जातो. नवख्याला हे पटत नाही. डोंगर त्याला ते पटवून देतो.

शिवाय आवाज बाणाच्या आधी पोहोचतो. ३० मीटर जावयास दोरीच्या टणत्काराला सेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही, आणि बाण तर ०.६ सेकंदांनी येणार. या अर्ध्या सेकंदात जनावर वळले, तर फुप्फुसावर धरलेला नेम पोटात जातो. मग जनावर दिवसभर तडफडते. धनुष्याची शिकार म्हणजे मर्दानी आणि म्हणून न्यायाची, असे जे मानतात, त्यांनी या अर्ध्या सेकंदाचा विचार करावा.

वाऱ्याचेही शास्त्र आहे. सूर्य चढला की उतार तापतो आणि हवा डोंगरावर चढू लागते. सूर्य मावळला की थंड हवा दरीत उतरते, ती थेट उजाडेपर्यंत. म्हणून दुपारी शिकारी जनावराच्या वरच्या अंगाला राहतो, आणि पहाटे किंवा सांजवेळी खालच्या अंगाला, जेणेकरून आपला वास त्याच्या नाकापर्यंत जाऊ नये. शिकाऱ्याचा पहिला नियम असा की, वारा तोंडावर घ्यावा; दुसरा, पाय वाजू देऊ नये; तिसरा, एकट्याने जावे.

अमेरिकेत पर्वतांच्या उतारांवर काळ्या अस्वलाची धनुष्याने शिकार आजही परवाना घेऊन होते. तिच्या मागे एक करुण कथा आहे. १९११ साली कॅलिफोर्नियात ईशी नावाने ओळखला गेलेला एक आदिवासी रानातून एकटाच बाहेर आला. याही जमातीचा तो शेवटचा माणूस. बाकीचे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलीत आणि उपासमारीत संपले होते. सॅक्सटन पोप या डॉक्टराने त्याच्याकडून धनुष्य करण्याची आणि चालविण्याची विद्या घेतली. ईशी १९१६ मध्ये क्षयाने वारला. १९२३ साली पोपने धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिले, आणि अमेरिकेत या छंदाला नवा जन्म मिळाला. पुढे १९६९ साली हॉलेस विल्बर ॲलन याला चाकांच्या धनुष्याचे पेटंट मिळाले, आणि ओढून धरलेल्या दोरीचा ताण कमी करणारे ‘कंपाउंड’ धनुष्य आले. याच प्रकारच्या धनुष्याने आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिन येथे जगज्जेते झाले. कागदाच्या निशाणावर मारलेला बाण चुकला, तर गुण जातात, कोणाचा प्राण जात नाही.

आपल्याकडे शिकारीची कहाणी वेगळ्या वळणाने गेली, आणि त्या वळणाशी आपल्या मुंबईचा संबंध आहे. १८८३ साली भायखळ्याच्या तेव्हाच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या प्रारंभीच्या सभासदांत शिकाऱ्यांचा भरणा होता. मारलेल्या जनावरांची मापे, कातडी आणि कवट्या यांतून आपल्या देशातील सस्तन प्राण्यांचे ज्ञान जमत गेले. ज्या हातांनी बंदूक धरली, त्यांपैकीच काहींनी पुढे रक्षणाची भाषा सुरू केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दार बंद केले. अस्वल आज त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची हत्या केल्यास किमान तीन वर्षांची कैद आहे, मग ती बंदुकीने केलेली असो वा बाणाने. माणसाच्या जिवावर उठलेल्या जनावराबाबत, वरिष्ठ वनाधिकाऱ्याच्या लेखी हुकमाने, अपवाद होऊ शकतो.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे योग्य होणार नाही. हौसेने शिकार केली ती संस्थानिकांनी आणि साहेबांनी. बंदी मात्र भिल्ल, कोरकू आणि गोंड यांच्या बाणावरही आली. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना मोहासारख्या गौण वनोपजाची मालकी दिली, पण परंपरागत शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला. म्हणजे मोह वेचावयाचा हक्क आहे. त्या मोहावर येणाऱ्या अस्वलाची शिकार करण्याचा नाही. अस्वल वाचले पाहिजे हे खरेच. पण त्याच्या वाचण्याची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. ती आपण मोजीत नाही. पहाटे अंधारात मोहाखाली वाकलेली बाई ती मोजते.

मोहाची फुले रात्री उशिरा आणि पहाटे गळतात. ऊन चढण्यापूर्वी ती वेचावी लागतात, आणि अस्वलालाही तीच वेळ सोयीची. ही बाई नकळत शिकाऱ्याचे तिन्ही नियम पाळीत असते! ती एकटी जाते, तिच्या अनवाणी पायांचा आवाज होत नाही, आणि वारा दरीकडे उतरत असताना ती खालच्या गावातून वर येते, म्हणजे वारा तिच्या तोंडावर असतो. अस्वलाला वास नाही, आवाज नाही. दिसते ते अखेरच्या क्षणी. तेव्हा शिकाऱ्याचे शास्त्र येथे उलटे वाचावयास हवे. चौघींनी मिळून जावे. बोलत, गाणी म्हणत, काठी आपटत जावे, म्हणजे अस्वलाला आधीच चाहूल लागेल आणि ते आपण होऊन बाजूला होईल. नीट उजाडल्यावर जावे. समोर आलेच तर पाठ दाखवून धावू नये, कारण उतारावरही ते आपल्यापेक्षा वेगाने धावते. त्याने गाठलेच तर पालथे पडून मान आणि तोंड हातांनी झाकावे, कारण त्याचा हल्ला तोंडावर होतो. हे नियम सांगावयास सोपे आहेत. पण उजाडेपर्यंत थांबले तर गुरे आणि शेजारी फुले नेतात, हीही गोष्ट खरी. म्हणून मोहाला वाजवी भाव, जखमींना वेळेवर भरपाई आणि जवळ दवाखाना, या गोष्टी अस्वलाच्या संरक्षणाचाच भाग मानल्या पाहिजेत.

आपण येथे संध्याकाळी वसंतातील व्याख्यान ऐकतो, त्याच दिवसांतील पहाटे मेळघाटात आणि गडचिरोलीत मोह गळत असतो. लहानपणी ज्या प्राण्याच्या पाठीवर आपल्याला बसविले, त्याचे ऋण आपल्यावर आहे. आणि ज्या माणसांच्या शेजारावर तो जगतो आहे, त्यांचे तर त्याहून मोठे आहे. पुढच्या खेपेस राणीच्या बागेत मुलांना घेऊन जाल, तेव्हा त्यांना अस्वलाची नखे दाखवा, दातांतली फट समजावून सांगा, आणि त्याच वेळी मोहाखालच्या त्या बाईचीही गोष्ट सांगा. एकीवाचून दुसरी गोष्ट अपुरी आहे.