हॅम रेडिओचा नकाशावरचा ठिपका : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाम बीच रोडवरून जाणारी एखादी गाडी इंटरनेटवरच्या नकाशात सरकताना दिसते. शेजारी ‘व्हीयू२’ किंवा ‘व्हीयू३’ने सुरू होणारी कॉल साइन आणि शेवटी ‘-९’, म्हणजे हॅमची (हौशी रेडिओ चालवणाऱ्याची) चालती गाडी. या पद्धतीचं नाव एपीआरएस. अमेरिकी नौदल अकादमीतले बॉब ब्रुनिंगा यांनी ती घडवली. तिच्याबद्दलचे काही समज मात्र तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : जागा जीपीएस उपग्रह कळवतो.
वस्तुस्थिती : जीपीएस रिसीव्हर फक्त ऐकतो, तो कुठे आहे याचा उपग्रहाला पत्ताही नसतो. जागा कळवतो तो गाडीतला रेडिओ. अक्षांश-रेखांश १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन स्वरांत बसवले जातात आणि व्हीएचएफवर जेमतेम सेकंदभराची खरखर, म्हणजेच एक पॅकेट, उमटते. कुणाच्या तरी गच्चीवरच्या अँटेनाने ती पकडली, की तिथला आयगेट ती उलगडून इंटरनेटवर टाकतो.

गैरसमज : जहाजं आणि विमानंही याच यंत्रणेवर दिसतात.
वस्तुस्थिती : न्हावा-शेव्याला येणारी जहाजं एआयएस वापरतात, विमानं एडीएस-बी. दोन्हींच्या फ्रीक्वेन्सी वेगळ्या. ‘एपीआरएस डॉट एफआय’ या फिनलंडमधल्या संकेतस्थळावर हॅमच्या जोडीला जहाजंही दाखवतात, म्हणून गल्लत होते.

गैरसमज : इंटरनेटवर पॅकेट टाकायला पासकोड लागतो, म्हणजे माहिती सुरक्षित आहे.
वस्तुस्थिती : पासकोड कॉल साइनवरूनच एका ठरीव सूत्राने निघतो; त्याला कुलूप समजू नका. हौशी रेडिओवरचं बोलणं उघडंच असतं आणि जुना प्रवासही नकाशावर पाहता येतो. गाडी रोज रात्री एकाच सोसायटीत थांबत असेल, तर घर कुठे ते कुणालाही कळेल. नको असेल, तर घराच्या अलीकडेच बीकन (जागा कळवणारं प्रसारण) बंद करावा.

गैरसमज : जितके जास्त बीकन, तितकं चांगलं.
वस्तुस्थिती : सगळे एकाच फ्रीक्वेन्सीवर, तेही सेकंदाला १२०० बिट्सच्या वेगाने बोलतात. दर काही सेकंदांनी बीकन सोडला, तर दुसऱ्याचं पॅकेट त्याखाली चिरडलं जातं. ऐकलेलं पॅकेट पुन्हा पुढे सोडणारे डिजिपीटर गर्दीत भरच घालतात, म्हणून अशा उड्याही एक-दोनच मागाव्यात. घरच्या स्टेशनला अर्ध्या तासाने एक बीकन पुरतो.

गैरसमज : इंटरनेट गेलं की सगळं ठप्प.
वस्तुस्थिती : बंद पडतो तो वेबवरचा नकाशा. रेडिओ ते रेडिओ पॅकेटं चालूच राहतात. समोरच्या सेटच्या पडद्यावर अंतर आणि दिशा उमटते, छोटे निरोपही जातात. २६ जुलै २००५च्या पुरात मोबाइलने अनेक ठिकाणी मान टाकली होती, हे मुंबईकर विसरलेले नाहीत; अशा वेळी हीच सोय कामी येऊ शकते. डिजिपीटर जमिनीवरच असतो असंही नाही. १ एप्रिल २०१९ला पीएसएलव्ही-सी४५च्या चौथ्या टप्प्यावर ॲमसॅट इंडियाचा एपीआरएस डिजिपीटर अवकाशात गेला होता.

गैरसमज : ठिपका दिसत नाही, म्हणजे स्टेशन बंद.
वस्तुस्थिती : नकाशा फक्त आयगेटला ऐकू आलेलं दाखवतो. व्हीएचएफला समोर मोकळी वाट लागते. महापेहून पारसिकची रांग ओलांडून शिळफाट्याकडे उतरलात, की वाशीच्या गच्चीवर तुमचं पॅकेट पोचेलच याची खात्री नाही. तेव्हा सेटला दोष देण्याआधी शेवटचं कच्चं पॅकेट उघडून पाहा : ‘क्यूएआर’ किंवा ‘क्यूएओ’ या अक्षरांपुढे ते उचलणाऱ्या आयगेटची कॉल साइन असते. रोज तेच एक नाव दिसत असेल, तर तुमचा ठिपका त्या एकाच गच्चीच्या भरवशावर आहे. आपल्या भागात दुसरा आयगेट उभारणं हाच त्यावरचा उपाय.