डुकराच्या पोटात डोकावताना

मुरगुडात एखाद्या घरची म्हैस रवंथ करायची थांबली, की अर्ध्या तासात गल्लीला कळतं. कुणी डॉक्टरला फोन लावतं, कुणी घरगुती औषध सुचवतं, संध्याकाळी डेअरीत दूध घालताना चारजण विचारपूस करतात. वेदगंगेच्या काठावरच्या माणसांना जनावराचं दुखणं वाचता येतं. १९६३ साली स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ दूध संघामुळे कोल्हापूर जिल्ह्यात दुभत्या जनावरांच्या आरोग्याची व्यवस्थाही बळकट झाली.

गावाच्या कडेला मात्र एखादी डुकरीण दोन दिवस खाद्याला तोंड लावत नाही. दात करकरा चावते, पांढरीफटक पडते, तिची विष्ठा डांबरासारखी काळी होते. तिसऱ्या दिवशी ती मरते. ‘काहीतरी खाल्लं असेल’ एवढ्यावर चौकशी संपते. तिच्या पोटात काय घडलं असावं, याबद्दल विज्ञानाला आज बरंच ठाऊक आहे. ते तिच्या मालकाच्या हाती पोचलं पाहिजे, या तळमळीतून हा आढावा घेतला आहे.

जठरातला मळसूत्री जिवाणू

१९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी माणसाच्या जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. जठराचा दाह आणि व्रण त्याच्यामुळे होतात, हे सिद्ध करायला मार्शल यांनी १९८४ मध्ये आधी डुकराच्या पिल्लांना तो देऊन पाहिला. पिल्लांच्या पोटात तो रुजला नाही. मग त्यांनी स्वतःच जिवाणूंचं द्रावण प्यायलं, आजारी पडले आणि आपलं म्हणणं पटवून दिलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

माणसासारखंच एका कप्प्याचं जठर असलेल्या डुकराकडे त्याचा स्वतःचा वेगळा जिवाणू होता. १९९० मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी डुकरांच्या जठरातल्या मळसूत्री जिवाणूचं वर्णन केलं. आज त्याला हेलिकोबॅक्टर सुइस म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसे, पण प्रयोगशाळेत काही केल्या वाढत नसे. त्याला आम्लाचं वातावरण हवं असतं, हे ध्यानात घेऊन बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये तो वाढवून दाखवला. मधली अठरा वर्षं तो समोर असूनही हाती लागत नव्हता.

जगभरच्या पाहण्यांत कत्तलीच्या वयाच्या निम्म्याहून अधिक डुकरांत तो सापडतो. पिल्लं आईपासून तोडल्यानंतर त्याचा प्रसार वाढतो. एका गव्हाणीत तोंडं घालणारी भावंडं तो एकमेकांना देतात. जठरात तो आम्ल तयार करणाऱ्या पेशींच्या आसपास ठाण मांडतो, आतल्या अस्तराला सूज आणतो. बाहेरून जनावर बरं दिसतं, फक्त अंग धरत नाही. प्रयोगात मुद्दाम लागण केलेल्या पिल्लांची वजनवाढ दिवसाला सुमारे ६० ग्रॅमनी घटलेली आढळली. हाच हिशेब शंभर दिवसांचा मांडला तर सहा किलो होतात. चार डुकरांवर घर चालवणाऱ्याचं हे नुकसान कोणत्याही वहीत लिहिलं जात नाही.

हा जिवाणू कधीकधी माणसाच्या जठरातही सापडतो आणि तिथे दाह व व्रणाशी त्याचं नातं जोडलं गेलं आहे. त्यामुळे डुकरं सांभाळणाऱ्याने जेवणापूर्वी साबणाने हात धुणं आणि मांस पूर्ण शिजवणं ही स्वतःच्या पोटाची राखण आहे.

व्रण कुठे होतो?

अन्ननलिका जठरात उघडते त्या तोंडाशी डुकराच्या जठराचा छोटा पट्टा असतो. बाकीच्या जठराला बुळबुळीत श्लेष्माचं पांघरूण असतं, या पट्ट्याला ते नसतं. आम्ल तिथवर चढलं की कातडी जाड होते, मग सोलवटते, शेवटी व्रण पडतो. व्रणाखालची रक्तवाहिनी फुटली तर धडधाकट दिसणारं जनावर काही तासांत दगावतं. काळी विष्ठा ही तिथे झिरपून पचलेल्या रक्ताची खूण.

याचं सर्वात मोठं कारण खाद्याच्या दळणात आहे. पिठासारखं बारीक खाद्य जठरात पातळ होतं, सगळं घुसळतं आणि तळाचं आम्ल वर चढतं. भरड खाद्याचे जठरात थर राहतात, आम्ल तळाशीच थांबतं. उपाशी ठेवणं, गर्दी, लांबचा प्रवास, उन्हाळ्याचा ताप यांनी धोका वाढतो. जिवाणूंचा यात नेमका किती वाटा, यावर अभ्यास सुरू आहे. हेलिकोबॅक्टर सुइसबरोबरच २०१७ मध्ये वर्णन झालेल्या फ्युझोबॅक्टेरियम गॅस्ट्रोसुइस या दुसऱ्या जिवाणूवरही संशोधकांचं लक्ष आहे. पण गिरणीवर ‘मका भरडच काढा’ असं सांगायला कुठल्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

पिल्लांची हगवण

जठर ओलांडून आतड्यात उतरलं की जिवाणूंची गर्दी आणखी वाढते. डुकरीण सुमारे ११४ दिवसांनी विते. पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांच्या रक्तात आईची रोगप्रतिकारक द्रव्यं जवळजवळ नसतात. ती चिकातून मिळतात आणि पहिल्या दिवसानंतर आतडं ती शोषून घेणं थांबवतं. म्हणून प्रत्येक पिल्लू, विशेषतः शेवटचं आणि अशक्त पिल्लू, विल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत सडाला लावावं.

पुढची परीक्षा दूध तोडल्यावर येते. दुधातल्या साखरेपासून बनणारं लॅक्टिक आम्ल तोवर पिल्लाच्या जठराला आंबट ठेवतं आणि जिवाणूंना अडवतं. दूध एकाएकी तुटलं की हे दार उघडं पडतं. ई. कोलाय जिवाणू आपल्या तंतूंनी आतड्याला चिकटतो, विष सोडतो आणि आतडं पाणी ओतू लागतं. पिल्लू मरतं ते अंगातलं पाणी आटल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मीठ-पाण्याने असंख्य जीव वाचवले. त्यामागचं तत्त्व डुकराच्या पिल्लालाही लागू पडतं.

वाढत्या डुकरांत वेगळे शत्रू असतात. ब्रॅकिस्पायरा मोठ्या आतड्यात रक्त-शेंबूड मिश्रित हगवण लावतो. लॉसोनिया लहान आतड्याचं अस्तर जाड करतो. साल्मोनेला तापासह जुलाब आणतो. साल्मोनेलाची ओळखच डुकरापासून झाली. १८८५ च्या सुमारास अमेरिकेत डॅनियल सॅल्मन आणि थिओबाल्ड स्मिथ यांना तो डुकरांच्या साथीत सापडला आणि साथीचं कारण तोच, असं त्यांना वाटलं. ती साथ विषाणूची होती, हे १९०३ मध्ये उलगडलं. तो धडा आजही ताजा आहे. २०२० मध्ये ईशान्य भारतात शिरलेल्या आफ्रिकन स्वाइन फीवरमध्येही जुलाब आणि अचानक मृत्यू दिसतात. नुसती लक्षणं पाहून औषध ठरवता येत नाही, नमुना तपासावा लागतो.

औषधाची घाई

तपासणी नसली की हात प्रतिजैविकाच्या पुडीकडे जातो. २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी कॉलिस्टिन या अखेरच्या आधाराच्या औषधाला दाद न देणारं जनुक जाहीर केलं. ते त्यांना आधी डुकरातल्या ई. कोलायमध्ये मिळालं होतं आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारू शकत होतं. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कॉलिस्टिनवर बंदी घातली. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं मिसळणं २००६ पासूनच बंद केलं आहे. डुकराच्या आतड्यात निर्ढावलेला जिवाणू तिथेच राहत नाही. तो सांडपाण्यातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत पोचू शकतो. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या आपल्या भागाला पाणी कुठून कुठे जातं, हे वेगळं सांगायला नको.

माणसंही दिसली पाहिजेत

महाराष्ट्रात डुकरं पिढ्यानपिढ्या सांभाळली ती प्रामुख्याने वडार आणि कैकाडी समाजांनी. ज्यांना गावाने कडेला ठेवलं, त्यांचं जनावरही कडेला राहिलं. डुकराला घाण आवडते, हा समज त्यातूनच पक्का झाला. वास्तविक त्याला घामाने अंग थंड करता येत नाही, म्हणून ते चिखलात लोळतं. पुरेशी जागा मिळाली तर ते झोपायची आणि खायची जागा सोडून दूर घाण करतं. उकिरड्यावर खाणं हा त्याचा स्वभाव नाही, आपण दिलेली परिस्थिती आहे.

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९०.६ लाख डुकरं होती, आधीच्या गणनेपेक्षा १२ टक्क्यांनी कमी. गुवाहाटीजवळ राणी इथे डुकरांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. आपल्या शेजारी, जुन्या गोव्यातली केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था वराहपालनावर काम करते आणि ‘आगोंदा गोवन’ ही तिथली नोंदणीकृत जात आहे. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात औंधला रोगनिदानाची सरकारी प्रयोगशाळा. ज्ञान आहे, प्रयोगशाळा आहेत. मेलेलं डुक्कर पुरण्याआधी त्याचं शवविच्छेदन करून घ्यायची सवय मात्र आपल्याला नाही.

त्या डुकरिणीकडे परत जाऊ या. दात चावण्याच्या पहिल्याच दिवशी कुणी थांबून पाहिलं असतं, भरड खाद्य, स्वच्छ पाणी आणि सावली दिली असती, काळी विष्ठा पाहून डॉक्टरला बोलावलं असतं, तर ती कदाचित जगली असती. निदान तिचं जठर उघडून पाहिलं असतं, तर तिच्या मागच्या पिल्लांना उपयोग झाला असता. म्हशीच्या मालकाला आपण सहज विचारतो, ‘आज वैरण खाल्ली का हो?’ तोच प्रश्न वस्तीवर जाऊन डुकरिणीच्या मालकालाही विचारू या.